अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनीचा पेट्रोल काटा: बिघाड कसा शोधायचा आणि काटा कसा जुळवायचा

खान्देशात जुन्या गाड्या अजून बऱ्याच टिकून आहेत. अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा अशा गावांत जुन्या वाड्यांच्या ढाळजेत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी अ‍ॅम्बॅसेडर, नाहीतर पद्मिनी उभी असते. हल्ली तरुण मुलं त्या बाहेर काढतायत, इंजिन उघडतायत, रंग मारतायत, आणि ते पाहून फार बरं वाटतं. पण गाडी रस्त्यावर आली की एक तक्रार ठरलेली: "टाकीमा पेट्रोल शे, पन काटा हालत नही." मग कुणीतरी डॅशबोर्ड उघडतो, मीटर गेलं म्हणून सांगतो आणि भलत्याच गाडीचं मीटर तिथे बसवतो. मूळ मीटर भंगारात जातं, आणि काटा तरीही खरं दाखवत नाही.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. मीटर ही या यंत्रणेतली सगळ्यात कमी बिघडणारी वस्तू आहे. ते काचेमागे, कोरड्यात, धुळीपासून लांब बसलेलं असतं. बिघाड असतो तो अर्थिंगमध्ये (म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीला परत जाण्याच्या वाटेत), वायरीत, टाकीतल्या युनिटमध्ये किंवा व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये. या चारही गोष्टी तपासून होईपर्यंत मीटरला हात लावायचा नाही.

यंत्रणा आहे तरी कशी

बॅटरीतून करंट चावीच्या स्विचला येतो, स्विचमधून फ्यूजमार्गे मीटरला, मीटरमधून एकच वायर गाडीच्या पोटातून मागे टाकीपर्यंत जाते. टाकीत एक युनिट असतं: तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेला दांडा, आणि बारीक तारेचं वेटोळं. फ्लोट वरखाली झाला की दांड्याचं टोक त्या वेटोळ्यावरून घासत सरकतं आणि रेझिस्टन्स बदलतो. तिथून करंट टाकीच्या पत्र्यातून, बॉडीतून परत बॅटरीला जातो. परतीच्या वाटेला वेगळी वायर नाही, बॉडी हीच वायर. बरेचसे बिघाड या परतीच्या वाटेवरच होतात, हे लक्षात ठेवा.

मीटरचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात दोन कॉइल असतात आणि त्यांच्या चुंबकीय ओढाताणीत काटा ठरतो. चावी फिरवली की काटा झटकन उडतो, आणि वळणावर पेट्रोल हिंदकळलं की काटाही नाचतो. दुसऱ्यात दोन धातूंची एक पट्टी असते, तिच्यावर गुंडाळलेली तार तापते, पट्टी वाकते आणि काटा रांगत, सावकाश वर चढतो. चावी फिरवल्यावर काट्याला जागेवर यायला काही सेकंद, कधी अर्धा मिनिट लागतो. हे मीटर उष्णतेवर चालत असल्यामुळे त्याला साधारण दहा व्होल्टचा स्थिर पुरवठा लागतो, आणि त्यासाठी डॅशबोर्डमागे छोटी डबी असते, तीच व्होल्टेज स्टॅबिलायझर.

तुमच्या गाडीत कोणतं मीटर आहे ते मॉडेलवरून ठरवू नका. अ‍ॅम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आली आणि पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. इतक्या वर्षांत मीटरं, युनिटं, पुरवठादार सगळं बदललं. त्यात मधल्या मालकांनी केलेल्या अदलाबदली वेगळ्याच. फियाट ११०० चीच पुढे पद्मिनी झाली, तिचीही गत तीच. तेव्हा चावी फिरवा आणि काटा उडतो की रांगतो ते बघा.

पेट्रोलशी खेळ नाही

पुढचं काम सुरू करण्याआधी हा भाग दोनदा वाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट बघते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळचा पारा ४४-४५ पर्यंत जातो. त्या उन्हात टाकीचं झाकण उघडलं की वाफ डोळ्यांना दिसते. त्यामुळे टाकीचं काम पहाटे किंवा सकाळी लवकर, उघड्या अंगणात करा. बंद गॅरेजमध्ये किंवा चुलीच्या, पाणी तापवायच्या बंबाच्या आसपास नको. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. जवळ पावडरचा अग्निशामक ठेवा. हातदिवा म्हणून तारेवरचा बल्ब वापरू नका, साधी बॅटरीची एलईडी विजेरी पुरे, आणि तीही टाकी उघडण्याआधीच लावून ठेवा.

टाकीतलं युनिट काढण्यापूर्वी बॅटरीची अर्थची केबल काढायचीच. आणि टाकीला वेल्डिंग करून द्यायला कुणी तयार झालाच, तर त्याला नको म्हणा. वर्षभर रिकामी पडलेली टाकीही फुटते.

आधी नुसतं बघा, लिहून ठेवा

वही घ्या. काटा नेमका काय करतो ते लिहा, कारण लक्षणावरूनच अर्धा बिघाड कळतो.

काटा कायम रिकाम्यावर, किंवा कायम भरलेल्यावर: वायर तुटलेली किंवा कुठेतरी बॉडीला चिकटलेली.

काटा ठराविक जागेपर्यंत नीट उतरतो आणि तिथून एकदम पडतो: युनिटमधल्या तारेचं वेटोळं त्या जागी तुटलंय किंवा झिजलंय.

टाकी पूर्ण भरली तरी काटा पाऊणपर्यंतच जातो: अर्थिंगमध्ये थोडा अडथळा, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं, किंवा दांडा वाकलेला.

पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा, दोन्ही काटे एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवतात: जवळजवळ नक्की स्टॅबिलायझर. अशा वेळी लोक रेडिएटर साफ करत बसतात, थर्मोस्टॅट बदलतात, आणि गाडी मुळात तापलेलीच नसते. त्यामुळे पाण्याचा काटा वर गेला की आधी पेट्रोलच्या काट्याकडे नजर टाकावी.

रेस दिली की काटा वर सरकतो, हेडलाइट लावले की खाली येतो: मीटर रांगणाऱ्या प्रकारचं असेल तर पुन्हा स्टॅबिलायझरच.

रिझर्व्हचा दिवा असेल तर त्याचा संपर्क युनिटमध्येच पण वेगळा असतो. काटा मेलेला आणि दिवा मात्र बरोबर लागतो, असं असेल तर युनिटची अर्थिंग ठीक आहे असं समजायला हरकत नाही. एवढी माहिती फुकट मिळते.

पहिली पायरी: मीटरपर्यंत करंट येतो का

बहुतेक गाड्यांत पेट्रोल मीटर ज्या फ्यूजवर आहे त्याच फ्यूजवर वायपर, इंडिकेटर, ब्रेकलाइट अशांपैकी काहीतरी असतं. ते चालतं का बघा. चालत नसेल तर फ्यूज काढा, आणि तो जळलेला नसला तरी त्याची टोकं आणि पकडणाऱ्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळ्याच्या दमटपणात त्या पट्ट्यांवर हिरवट थर बसतो, नुसत्या डोळ्यांना फ्यूज चांगला दिसतो आणि करंट मात्र जात नाही.

मग मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून मीटरच्या मागच्या पुरवठ्याच्या टोकावर तपासा. उडणाऱ्या मीटरवर बॅटरीएवढे व्होल्ट दिसले पाहिजेत. रांगणाऱ्या मीटरवर आकडा शून्य ते बारा असा उड्या मारताना दिसेल. घाबरू नका, जुना स्टॅबिलायझर करंट चालू-बंद करूनच सरासरी दहा व्होल्ट देतो. डिजिटल मल्टिमीटरपेक्षा जुना काट्याचा मल्टिमीटर इथे जास्त उपयोगी पडतो.

काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. तुमच्या गाडीत कोणतं टोक बॉडीला कसलंय ते बघूनच मल्टिमीटर लावा, नाहीतर उलटसुलट आकडे बघून डोकं फिरेल.

दुसरी पायरी: टाकीची वायर काढून बघणं

सगळ्यात जास्त उत्तरं या चाचणीतून मिळतात, म्हणून ती नीट करा. डिकीतली चटई आणि फळी काढली की युनिटवरची वायर सापडते, काही गाड्यांत टाकीखालून हात घालावा लागतो. स्विच बंद ठेवून ती वायर युनिटवरून काढा आणि कशालाही टेकणार नाही अशी बाजूला धरून ठेवा. आता चावी फिरवून काटा कुठे जातो ते बघा. मग स्विच बंद करा, वायरीचं टोक टाकीपासून लांब, चेसिसच्या साफ बोल्टला क्लिपने जोडा, आणि नंतरच चावी फिरवा. हा क्रम महत्त्वाचा आहे: जोडणी आधी, करंट नंतर. वायर चालू करंटात टेकवली तर ठिणगी उडते, आणि ती टाकीशेजारी नको.

जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या उडणाऱ्या मीटरमध्ये वायर मोकळी सोडली की काटा पूर्ण भरलेल्याकडे जातो, बॉडीला जोडली की रिकाम्याकडे. रांगणाऱ्या मीटरमध्ये याच्या नेमकं उलट: मोकळी सोडली की रिकामं, बॉडीला जोडली की भरलेलं. काही युरोपीय पद्धतीची मीटरं उडतात तर पहिल्यासारखी, पण दिशा मात्र दुसऱ्यासारखी असते. त्यामुळे नियम पाठ करण्यापेक्षा एवढं बघा की मोकळ्या आणि जोडलेल्या अवस्थेत काटा दोन विरुद्ध टोकांना जातो का. जात असेल तर मीटर शाबूत, वायर शाबूत, पुरवठा शाबूत. दोष टाकीत किंवा अर्थिंगमध्ये.

रांगणारं मीटर बॉडीला थेट जोडून जास्त वेळ ठेवू नका. काटा भरलेल्याच्या पलीकडे जाऊ लागला की लगेच स्विच बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे मध्ये २२ ओहमचा रेझिस्टर घालून जोडा.

आणि एक सक्त मनाई. युनिटच्या टोकावर बॅटरीचे बारा व्होल्ट थेट कधीही द्यायचे नाहीत. आतली बारीक तार जळते, आणि ती जळते पेट्रोलच्या टाकीच्या आत.

दोन्ही वेळा काटा जागचा हलला नाही, तर हीच चाचणी डॅशबोर्डमागे, मीटरच्या टोकावर करा. तिथे काटा हलला आणि मागे हलत नसेल, तर दोष मधल्या वायरीत. ही वायर दाराच्या उंबऱ्याखालून, मागच्या सीटखालून जाते. धान्याच्या, कापसाच्या, मिरचीच्या गोदामात उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदरांनी ती कुरतडलेली हमखास सापडते, विशेषतः मागच्या सीटच्या काथ्यात. सगळं वायरिंग उपसत बसण्यापेक्षा नवी वायर जुन्या वाटेनेच ओढा आणि दोन्ही टोकांना झाळून जोड द्या. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो.

तिसरी पायरी: अर्थिंग

अंगणात करता येणारी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फळ देणारी दुरुस्ती हीच. युनिटची वायर परत लावा. एक जाड वायर घ्या. स्विच बंद असताना तिचं एक टोक युनिटच्या धातूच्या चकतीला, दुसरं चेसिसच्या घासून चकचकीत केलेल्या बोल्टला लावा. आता चावी फिरवा. काटा जागेवर आला तर शोध संपला.

गाडीला नवा रंग दिल्यानंतर काटा बंद पडला असेल तर दुसरीकडे कुठे बघूच नका. पेंटर टाकी काढतो, सुंदर काळा रंग मारतो, रबराच्या पट्ट्यांवर परत बसवतो. मग टाकी आणि बॉडी यांच्यामध्ये धातूला धातू कुठेच लागत नाही. युनिटखालीही पॅकिंग असतं, म्हणजे अर्थिंग फक्त स्क्रूंच्या भरवशावर. युनिटच्या एका स्क्रूखाली रिंग टर्मिनल घालून कायमची वेगळी अर्थ वायर चेसिसला न्या. बाहेरून दिसत नाही, मूळपणाला धक्का लागत नाही, आणि पुढची वीस वर्षं त्रास मिटतो.

आकड्यात तपासायचं असेल तर स्विच चालू ठेवून युनिटची चकती आणि बॅटरीचं अर्थचं टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. शून्याच्या अगदी जवळ आकडा हवा. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तरी परतीच्या वाटेत गंज आहे असं समजा आणि बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन या केबलीही घासून घ्या.

चौथी पायरी: स्टॅबिलायझर

रांगणाऱ्या मीटरवाल्यांनीच हे वाचावं. जुना स्टॅबिलायझर म्हणजे तापून वाकणारी पट्टी आणि तिच्या टोकाशी उघडझाप करणारा संपर्क. त्याच्या डबीला स्वतःची अर्थिंग लागते. अर्थिंग गेली की आतली तार तापत नाही, संपर्क उघडत नाही, आणि मीटरला सरळ बॅटरीचे व्होल्ट मिळतात. मग दोन्ही काटे वर चढतात. म्हणून डबी बदलण्याआधी तिच्यामागचा पत्रा आणि स्क्रू घासून बघा. डबीवर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती वरच आली पाहिजे, आडवी किंवा उलटी बसवली तर चुकीचे व्होल्ट देते.

त्याच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर बारा व्होल्टचा छोटा बल्ब लावून बघा. थोड्या वेळात तो लुकलुकायला लागला पाहिजे. एकसारखा पेटत राहिला तर संपर्क चिकटलाय, पेटलाच नाही तर तुटलाय.

बदलायचा झाला तर निगेटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीत ७८१० हा तीन पायांचा आयसी उत्तम काम करतो. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. मधला पाय बॉडीला, एक पाय पुरवठ्याला, एक मीटरला. इनपुटला ०.३३ मायक्रोफॅरडचा आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि आयसीची पाठ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला कसा. बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे मे महिन्यात काय तापमान होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ती पट्टी टाळू नका. जुन्या डबीच्या आतच हे सगळं बसतं, डबी जपून उघडा आणि तीच वापरा. पॉझिटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीत हा आयसी अशा जोडणीने चालत नाही, तिथे जुना स्टॅबिलायझरच दुरुस्त करा.

पाचवी पायरी: युनिट बाहेर काढणं

आधी टाकी शक्य तितकी रिकामी करा. युनिट टाकीच्या बाजूला असेल तर हे सक्तीचं. बॅटरीची अर्थ केबल काढा. युनिटभोवतीची माती ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा. खान्देशातली काळी माती सुकली की सिमेंटसारखी घट्ट होते, आणि युनिट निघताना तिचा ढेकूळ टाकीत पडला तर पुढे महिनाभर कार्बोरेटर साफ करत बसावं लागतं.

काही युनिटं स्क्रूंनी, काही फिरणाऱ्या रिंगने बसलेली असतात. गंजलेल्या स्क्रूंवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रिंग असेल तर तिच्या दात्यांवर पितळी पट्टी ठेवून हलके ठोके द्या. लोखंडी छिनी नको, ठिणगी उडते. काढण्याआधी युनिट कोणत्या दिशेला होतं त्याची मार्करने खूण करा. युनिट सरळ वर उपसू नका. तिरपं करत, फिरवत, दांडा न वाकवता बाहेर काढा, आणि तोंड लगेच फडक्याने झाका.

आता युनिट टाकीपासून लांब, सावलीत नेऊन वाळवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक युनिटच्या टर्मिनलवर, दुसरं चकतीवर लावा आणि दांडा हळूहळू खालून वर न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. जुन्या ब्रिटिश उडणाऱ्या मीटरच्या युनिटमध्ये रिकामं असताना शून्याजवळ आणि भरल्यावर सत्तर-ऐंशी ओहम असा अंदाज. रांगणाऱ्या मीटरच्या युनिटमध्ये रिकामं असताना अडीचशेच्या आसपास आणि भरल्यावर वीसच्या आसपास. आकडे गाडीगणिक थोडे वेगळे निघतील, पण दिशा आणि सलगपणा चुकता कामा नये. मध्येच आकडा गायब झाला की तिथे तार तुटली आहे.

भिंगातून बघितलं तर झीज कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. अमळनेरच्या एका अ‍ॅम्बॅसेडरचं युनिट असंच उघडलं होतं. वेटोळ्याचा वरचा भाग नव्यासारखा काळपट होता, आणि खालच्या तिसऱ्या हिश्श्यात तार घासून घासून आरशासारखी चमकत होती, दोन वेढे तर अगदी तुटायला आलेले. गाडीत कायम पाच-दहा लिटरच पेट्रोल घातलं जात होतं, त्यामुळे दांडा आयुष्यभर तेवढ्याच जागेत घासला. टाकी अर्ध्याच्या वर ठेवण्याचा हाही एक फायदा आहे.

तार नुसती मळलेली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा. पॉलिश पेपर इथे चालणार नाही, तार केसासारखी बारीक असते. घासणाऱ्या टोकाचा दाब कमी झाला असेल तर पट्टी किंचित आत वाकवा. तार तुटली असेल तर युनिट बदला, पण बदलताना ओहम जुळणारंच घ्या. "बसतं ना भाऊ, मग चालेल" असं म्हणून दुकानदार देईल ते युनिट कायम चुकीचंच दाखवत राहील, आणि कितीही दांडा वाकवला तरी जुळणार नाही.

फ्लोट

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. तो गरम पाण्यात बुडवा, जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. पाणी दुसरीकडे तापवून आणा, ज्योतीजवळ फ्लोट न्यायचा नाही. असा फ्लोट झाळण्यापेक्षा पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्राइलचा त्याच आकाराचा फ्लोट बसवणं मी पसंत करतो. आत अडकलेली वाफ आणि तापलेली कावी एकत्र आणण्याचं कारणच उरत नाही.

बुचाचा फ्लोट असेल तर तो बदलाच. पंपावर आता मिळतं ते बहुतांश वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्यात जुन्या बुचावरचा लाखेचा लेप विरघळतो, बूच पेट्रोल पितं आणि बुडू लागतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत तळाशी गंज लवकर धरतो.

परत बसवताना नवं पॅकिंग घाला. सायकलच्या ट्यूबचं कापून घातलेलं पॅकिंग पेट्रोलमध्ये फुगतं आणि गळतं. साधं सिलिकॉनही तसंच, ते मऊ होऊन तुकडे टाकीत पडतात. नायट्राइल रबर किंवा रबर मिसळलेलं कॉर्क घ्या, आणि सीलंट लावायचाच तर पेट्रोलला टिकतो असं पुड्यावर लिहिलेलाच.

काटा जुळवणं

बिघाड निघून गेल्यावरच जुळवाजुळव करायची. खराब अर्थिंगवर दांडा वाकवून जुळवलेला काटा अर्थिंग सुधारली की पुन्हा चुकतो.

युनिट बाहेर असतानाच, टाकीपासून लांब, ते गाडीच्या वायरीला जोडा आणि चकतीला वेगळी अर्थ वायर द्या. बॅटरी जोडण्याआधी टाकीचं तोंड पक्कं बंद आहे आणि आसपास पेट्रोलचा वास नाही याची खात्री करा. दांडा सगळ्यात खाली ठेवून चावी फिरवा, दोन मिनिटं थांबा, काटा बघा. मग सगळ्यात वर. दोन्ही टोकांना काटा बरोबर असेल तर मीटरला काही करायचं नाही, फक्त फ्लोटची उंची जुळवायची. दांडा पकडीत धरून अगदी थोडा वाकवा. पकडीचा ताण तारेच्या वेटोळ्यावर येऊ देऊ नका, दांडा मुळाशी एका पकडीने धरून पुढे दुसऱ्याने वाकवा.

वाकवताना एक निर्णय आधी घ्या: रिकामं म्हणजे किती? माझ्या मते काटा रिकाम्यावर टेकला तेव्हा टाकीत निदान पाच लिटर उरलेलं असावं. तळाचा गाळ पंपात ओढला जात नाही, आणि तोरणमाळच्या घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडला चढताना चढावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी इंजिन उपाशी राहत नाही. टाकी भरलेली असताना काटा भरलेल्याच्या किंचित खाली राहिला तर राहू द्या. तळाचा अचूकपणा महत्त्वाचा, वरचा नाही.

दांडा दोन्ही टोकांना जाऊनही काटा चुकत असेल, आणि युनिटचे ओहम बरोबर असतील, तरच मीटरकडे वळायचं. त्याआधी युनिटऐवजी ठराविक रेझिस्टर लावून खात्री करा. रांगणाऱ्या मीटरसाठी २२, ६८ आणि २२० ओहमचे, दोन ते पाच वॉटचे रेझिस्टर चालतील. पाव वॉटचे घेऊ नका, तापून जळतात. रांगणाऱ्या बऱ्याच मीटरांच्या पाठीवर बुचाने किंवा लाखेने बंद केलेली दोन छोटी भोकं असतात. एका भोकातून रिकाम्याची, दुसऱ्यातून भरलेल्याची जागा हलते. बारीक स्क्रू ड्रायव्हरने एका वेळी अगदी केसभर हलवा, मग चावी फिरवून काटा पूर्ण स्थिरावू द्या. एक टोक हललं की दुसरंही थोडं सरकतं, त्यामुळे आलटून पालटून चार-पाच फेऱ्या लागतात. घाई करणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये. काम झालं की भोकं परत बंद करा, नाहीतर धूळ जाते.

उडणाऱ्या मीटरमधल्या कॉइल त्यांच्या पट्टीवर किंचित सरकवता येतात, पण त्यासाठी मीटर पूर्ण उघडावं लागतं आणि काट्याची पिन फार नाजूक असते. जुन्या मीटरांवर हात बसलेला कारागीर गाठ पडला तर त्याच्याकडेच द्या.

लिटरचा तक्ता

टाकीचा आकार चौकोनी डब्यासारखा सरळ नसतो, त्यामुळे काटा अर्ध्यावर म्हणजे पेट्रोल अर्धं असं होत नाही. अ‍ॅम्बॅसेडरची टाकी साधारण ५४ लिटरची, पण अर्ध्या काट्याला त्यात २७ लिटर असेलच असं धरू नका. तुमच्या गाडीचा तक्ता तुम्हीच करा.

गाडी जवळजवळ रिकामी असताना सकाळी, गर्दी नसताना पंपावर जा. पाच लिटर भरा, गाडी पंपापासून बाजूला सपाट जागेवर घ्या, इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, दोन मिनिटं थांबा आणि काटा कुठे आहे ते वहीत लिहा. पुन्हा पाच लिटर, पुन्हा तेच. भरताना स्विच बंदच हवा. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर ठेवलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, ते दाखवणं पंपाला बंधनकारक आहे. भर दुपारी हे करू नका. पेट्रोल तापलं की फुगतं: चाळीस लिटर पेट्रोल पंचवीस अंशांनी तापलं तर जवळपास लिटरभर वाढतं, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतून ते वाहून जातं.

तक्ता छोट्या कागदावर लिहून, लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. नंतर दोन-तीन वेळा पेट्रोल भरताना किती बसलं आणि काटा कुठे होता ते ताडून बघा. फरक एकाच जागी येत असेल तर तक्त्यातला आकडा बदला. फरक रोज वेगवेगळ्या जागी येत असेल तर परत अर्थिंगपासून सुरुवात करा.